पुंडलिकभाऊंचं पांढरं कापड

पुंडलिकभाऊ मंडपवाले वारले असते तर मी त्यांच्याविषयी फार गोड लिहिलं असतं. गेलेल्या माणसाचं वाईट लिहू नये, एवढी रीत मला कळते. पण ते जिवंत आहेत, ठणठणीत आहेत, सकाळी इरईच्या पुलापर्यंत फिरून येतात आणि त्यांची छाती तपासून डॉक्टर म्हणतो, असा भाता लोहाराकडेही नसतो. तेव्हा माझा नाइलाज आहे. जे झालं ते लिहावं लागेल.

उंची म्हणाल तर अर्धा बांबू आणि वर चार बोटं. हे माप माझं नव्हे, त्यांचंच. फूट आणि मीटर त्यांना मान्य नव्हते. माणूस, म्हैस, देऊळ, तहसीलदार, सगळं ते बांबूत मोजायचे. माझ्यासाठी मुलगी पाहून आल्यावर घरच्यांनी मला तिचा रंग सांगितला, शिक्षण सांगितलं, स्वभाव सांगितला. बरोबर गेलेले पुंडलिकभाऊ म्हणाले, "अर्ध्या बांबूले दोन बोटं कमी, पण सरळ हाय." बायको आजही भांडणात हेच प्रमाणपत्र माझ्या तोंडावर फेकते.

मोकळी जागा दिसली की त्यांचे डोळे खांब पुरायला लागत. एकदा उन्हाळ्यात पुलावर स्कूटर थांबवून कोरड्या नदीकडे ते इतका वेळ टक लावून बसले की मला वाटलं, माणसाला वैराग्य आलं. मी हळूच खांद्यावर हात ठेवला. ते म्हणाले, "इथी पाच हजाराची पंगत आरामात बसते."

आमचं लेआऊट चंद्रपूरच्या वेशीबाहेर. शेतं मोडून प्लॉट पाडले, प्लॉटांवर आम्ही घरं बांधली आणि राहायला आल्यावर कळलं की जागा खोलगट आहे. पश्चिमेला खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर. ते इतके उंच की आमच्याकडे सूर्य सरकारी वेळेच्या आधीच मावळतो. पूर्वेला जंगलाची चढण. दक्षिणेला नदीचा बांध. उत्तरेची बाजू तेवढी मोकळी, आणि नेमकी तिथेच एमआयडीसी, तिथेच स्पंज आयर्नच्या कारखान्याचं धुराडं. भूगोलाच्या पुस्तकाला हे सांगायला नकाशा लागला असता. पुंडलिकभाऊंनी मी राहायला आलो त्याच दिवशी, माझं कपाट उतरवता उतरवता सांगितलं, "भाऊ, आपून परातीत राह्यतो. अन् परातीवर झाकण कवा पडते, ते कापडाले पुसा."

कापड हे त्यांचं हवामान खातं होतं. गच्चीवर मंडपाची कापडं वाळत असायची आणि त्यांच्याकडे पाहून ते आम्हाला ऋतू समजावायचे. त्यांच्या मते परातीत तीन पाहुणे येतात. पावसाळा म्हणजे मोठी बहीण. येते, सगळं घर धुऊन काढते, जाताना चार बोल सुनावते. त्या दिवसांत आमच्या छपरांवरच्या टिनांचा मूळ रंग दिसायचा आणि आम्ही नवे टिन टाकल्यासारखे एकमेकांना दाखवत फिरायचो. उन्हाळ्यातला पश्चिमेचा वारा म्हणजे वसुलीवाला. दारात थांबत नाही, धूर उचलतो, जंगलाच्या अंगावर फेकतो आणि पुढे जातो. "अन् हिवाळ्यातला धूर म्हंजे जावई," पुंडलिकभाऊ म्हणायचे. "दिवाळीले येते, पाट मांडून बसते, अन् शिवरात्रीपर्यंत उठाचं नाव घेत नाई."

अक्षरशः तसंच व्हायचं. रात्री जंगलाच्या चढणीवरून गार हवा घरंगळत खाली यायची, परातीच्या बुडाशी बसायची, आणि धुराड्यातून निघालेला धूर तिच्या पोटात अडकायचा. वर जायला वाट नाही, बाजूला सरकायला वारा नाही. सकाळी चांगलं ऊन चढेपर्यंत समोरचं घर दिसत नसे. दिवाळीनंतर आमच्या तळ्यावर उतरलेला बगळा संक्रांतीला कावळ्यांच्या पंगतीत बसे आणि कावळे त्याला घरचाच समजत. बायकांनी अंगणात रांगोळी काढायचं सोडलं होतं. ओट्यावर नुसतं बोट फिरवलं की बोटाखाली पांढरी फुलं, वेल, जे म्हणाल ते उमटायचं.

म्हणून हिवाळी लग्नाला पुंडलिकभाऊ पांढरं कापड लावत नसत. तुळशीच्या लग्नापासून गडद मरून आणि कॉफी रंग, होळीनंतर पांढरा. एका ठेकेदाराने हट्ट धरला. नागपुरात त्याने पांढरा मंडप पाहिला होता, मुलीच्या लग्नाला तसाच पाहिजे म्हणाला. पुंडलिकभाऊंनी परोपरीने सांगितलं, शेवटी हात जोडले आणि संध्याकाळी पांढरं छत ताणलं. सकाळी मुहूर्ताला बँडवाल्याने ढोल बडवला आणि वरची रात्रभराची काजळी एकदम सुटली. भटजी मंगलाष्टक म्हणायला तोंड उघडून बसले होते. ते मिटेपर्यंत उशीर झाला होता. नवऱ्यामुलाचा फेटा, अक्षता, श्रीखंड, सगळं एका रंगाचं झालं. मी शपथेवर सांगतो, अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरीने हार भलत्याच माणसाच्या गळ्यात टाकला होता, तो वेळेवर काढला म्हणून निभावलं. तेव्हापासून ठेकेदार पुंडलिकभाऊंना हवेतले मोठे जाणकार मानू लागला. ते स्वतः त्याच्या बरंच आधीपासून मानत होते.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "मंडप म्हंजे माणसाची इज्जत, दोरीनं टांगलेली." आणि हे ते नुसतं बोलत नसत. माझे वडील गेले तेव्हा दारात सावलीला कापड बांधायला पुंडलिकभाऊ आले. अर्धं बांधून झाल्यावर त्यांना त्यात तेलाचा डाग दिसला. झालं, कापड सोडलं, मॅटाडोर परत पाठवली, दुसरं आणवलं. तोवर नातेवाईक उन्हात, तिरडी उन्हात, आमचे तीर्थरूप उन्हात. मी चिडलो. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मातीले आलेले लोक रडून झालं का वरच पाह्यतात, भाऊ. तुह्या बापावर मळकं कापड कोणी पाह्यलेलं मले चालणार नाई." त्या दिवशी मी त्यांच्या गळ्यात पडून रडलो. असा माणूस होता. हे लिहिताना माझा हात आखडतो आहे, पण तो होता, हे नाकारता येत नाही.

त्यांच्या मंडपाची सगळी शिलाई हनीफभाऊंची. झालर, कनात, राजेशाही कमान, सगळं एका पायमशीनवर. हनीफभाऊ आमच्याच ओळीत, तिसऱ्या घरात राहायचे. सडपातळ, मिश्कील, तोंडात कायम एक टाचणी, त्यामुळे बोलणं ओठांच्या कोपऱ्यातून. दोघांची दोस्ती नवराबायकोसारखी, म्हणजे दिवसभर कुरकुर आणि जेवायला एकमेकांची वाट पाहणं. पुंडलिकभाऊ म्हणायचे, हनीफची झालर तिरपी असते. हनीफभाऊ म्हणायचे, झालर सरळ आहे, पुंडलिकचे खांब वाकडे आहेत.

या हनीफभाऊंना हिवाळा सोसत नव्हता. जावई आला की त्यांची छाती वाजायला लागे. आधी रात्री, मग दिवसाही. मशीन चालवताना पायडल आणि श्वास यांतलं काय वाजतं आहे ते कळेनासं व्हायचं. शेवटी त्यांच्या बायकोने, शहनाजभाभीने, एक व्यवस्था लावून दिली. दिवाळी झाली की हनीफभाऊ एसटीने पोंभुर्ण्याला, तिच्या भावाकडे. तिथे जंगल आहे, हवा मोकळी आहे, चार दिवसांत माणूस झोपायला लागतो. शिवरात्र झाली की परत. पुंडलिकभाऊ एसटीच्या टपावर कापडाची गाठोडी पाठवायचे, तिकडून शिवून यायची. हनीफभाऊ म्हणायचे, "मी तं पक्षी झालो. फरक एवढाच का पक्षी हिवाळ्यात तळ्यावर येते, अन् मी तळं सोडून जातो."

आम्ही हसायचो. भाभी हसायची नाही. वर्षातले एवढे महिने नवरा परगावी, मुली लग्न होऊन गेलेल्या, आणि घरात ती आणि झाकून ठेवलेलं मशीन.

मग कारखान्याने दुसरी भट्टी लावायचं ठरवलं. दुसरी भट्टी म्हणजे दुसरं धुराडं. नियमाप्रमाणे आधी जनसुनावणी. म्हणजे अधिकारी मंडपात बसणार, आसपासच्या लोकांनी म्हणणं मांडायचं, मग मंजुरी द्यायची की नाही ते वर ठरणार. लेआऊटची बैठक हनीफभाऊंच्या ओट्यावर भरली. शहनाजभाभी एरवी अशा बैठकीत चहा देऊन आत जायची. त्या दिवशी ती उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "एका धुराड्यानं माह्या घरच्याले सालातून चार महिने नेलं. दुसरं आलं तं हा माणूस घरी येईल का नाई, ते सांगा मले."

अर्ज द्यावा, मोर्चा न्यावा, असं आम्ही बोलत होतो. कारखान्याकडे हवा स्वच्छ असल्याचे कागद ढीगभर, आमच्याकडे नुसता खोकला. तेव्हा पुंडलिकभाऊ उभे राहिले.

"कागदाले कागद भारी पडते," ते म्हणाले. "आपून कापड दाखवू."

कल्पना अशी की एक कोरं पांढरं कापड हनीफभाऊंच्या गच्चीवर ताणून बांधायचं, जावई ऐन रंगात असताना आठवडाभर तसंच ठेवायचं, आणि सुनावणीत अधिकाऱ्यांसमोर उलगडायचं. बोलायचं काहीच नाही. मी त्या रात्री बायकोला सांगितलं की या माणसाला दिल्लीला पाठवला पाहिजे.

हनीफभाऊ त्या वर्षी पोंभुर्ण्याला गेले नाहीत. कापड आपल्या छतावर असणार, तर छाती आपलीच दाखवायची, असं ते म्हणाले. भाभीने दोन दिवस अबोला धरला, पण ते हलले नाहीत. दिवाळी गेली, झाकण पडलं, कापड वर आणि हनीफभाऊ खाली, दोघंही काळवंडत गेले. ते रात्री भिंतीला उशी लावून बसून काढायचे. आठवडा भरला तेव्हा आम्ही गच्चीवर गेलो. कापड म्हशीच्या पाठीसारखं झालं होतं. कोणीतरी त्यावर बोटाने स्वतःचं नाव लिहिलं, ते शाळेच्या पाटीवर लिहावं तसं लख्ख दिसलं.

आता ते ठेवायचं कुठे? घडी चुकली तर काजळी झडून जाणार. घडी घालायचा हात पुंडलिकभाऊंचाच. त्यांनी आतल्या आत दुमडत, लहान बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसं ते गुंडाळलं आणि गोदामात ठेवायला नेलं. कोणाच्या मनात काही आलं नाही. मंडपवाल्याकडे कापड द्यायचं नाही तर काय डॉक्टरकडे द्यायचं?

सुनावणीच्या मंडपाचं कामही त्यांनाच मिळालं होतं. मंडपाचा खर्च कारखान्याचा. हे त्यांनी लपवलं नाही. "लग्न कोणाचंही असो, मंडप माह्याच," असं हसून म्हणाले आणि आम्हीही हसलो. चंद्रपूर ते गोंडपिपरी दुसरा मंडपवाला होता कुठे?

सुनावणी दुपारी ठेवली होती. दुपारी ऊन चढलेलं असतं, झाकण उचललेलं असतं, आकाश निळं असतं. परातीतला माणूसही दुपारी विसरतो की सकाळी त्याला शेजारी दिसत नव्हता. सुनावणी घ्यायला आलेल्या साहेबांनी गाडीतून उतरून वर पाहिलं, निळं दिसलं, त्यांचा चेहरा प्रसन्न झाला. पण आम्ही निश्चिंत होतो. आमच्याजवळ कापड होतं.

हनीफभाऊंचं नाव पुकारलं. स्टेजवर चढायला त्यांना तीन पायऱ्या आणि तीन विश्रांत्या लागल्या. पाठीमागे भाभी. पुंडलिकभाऊंनी बगलेतलं गाठोडं सोडलं, एक टोक भाभीच्या हातात दिलं, एक स्वतः धरलं आणि कापड झटकलं. ते कडाडलं. नव्या नोटेसारखं कडाडलं. आणि आमच्या डोळ्यांसमोर पांढरंशुभ्र, नीळ दिलेलं, इस्त्री केलेलं कापड ताठ उभं राहिलं.

साहेबांनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं की यात नेमकं काय पाहायचं आहे. कारखान्याचा माणूस खुर्चीतून उठला, अगदी नम्रपणे म्हणाला की आमचंही हेच म्हणणं आहे, साहेब. मंडपात हशा पिकला. हनीफभाऊंनी बोलायला तोंड उघडलं. त्यांच्याजवळ दोन वाक्यांपुरता श्वास होता, तो सगळा खोकल्यात गेला. भाभीने हातातलं टोक सोडून दिलं. कापड तिच्या बाजूने स्टेजवर पडलं, दुसरं टोक मात्र पुंडलिकभाऊंच्या हातात तसंच राहिलं.

खाली उतरल्यावर आम्ही त्यांना घेरलं. ते घामाने भिजले होते. "चार लोकांपुढं मळका कपडा कसा आणू?" ते म्हणाले. "माह्या धंद्याची रीतच नाई. हाताले सवय, बाकी कापडांसंगं धुऊन टाकलं. ध्यानातच राह्यलं नाई."

आता सांगा. हाच माणूस माझ्या बापाच्या मयतीत डागाचं कापड परत पाठवणारा. अर्ध्या लेआऊटने विश्वास ठेवला. मीही ठेवला. चूक झाली, सवयीने झाली, असं मी संध्याकाळी हनीफभाऊंच्या ओट्यावर जाऊन सांगितलं. ते उशीला टेकून बसले होते. बराच वेळ श्वास गोळा केला आणि म्हणाले, "धुतला, हे मी मानीन. पण खळ काऊन लावली?"

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं. मंडपाच्या कापडाला खळ लावत नाहीत. खळीने कापड ताठ होतं आणि दोरीवर ताणलं की फाटतं. इतक्या वर्षांत पुंडलिकभाऊंनी एकाही कापडाला खळ लावली नव्हती, दुसऱ्या कोणी लावली तर ते त्याच्या अंगावर धावून जात. कडक कापड मंडपाला चालत नाही. ते फक्त हातात धरून दाखवायला चालतं.

मी ही गोष्ट लेआऊटभर सांगितली. लोक म्हणाले, बगळ्याला कावळा करणारा हा, आता याने खळीचीही गोष्ट रचली.

दुसऱ्या भट्टीला मंजुरी आली. भूमिपूजनाचा मंडप पुंडलिकभाऊंचा. पुढे विश्वकर्मा पूजा, सुरक्षा सप्ताह, साहेबांच्या बदलीचा निरोप, सगळे मंडप त्यांचेच. आणि एका उन्हाळ्यात त्यांनी नवं घर बांधलं. कुठे, तर नदीच्या पलीकडच्या उंचवट्यावर, परातीच्या काठाबाहेर. मी वास्तूला गेलो होतो, जेवलोही. जिलबी उत्तम होती. गच्चीवरून त्यांनी मला आमचं लेआऊट दाखवलं आणि म्हणाले, "इथी जावई येत नाई, भाऊ." माहीत असलेला माणूस होता. धूर कुठे बसतो ते त्यांना माहीत होतं, म्हणजे कुठे बसत नाही तेही माहीत होतं. एवढी वर्षं ते आम्हाला पहिली अर्धी गोष्टच सांगत होते.

जावई पुढच्या हिवाळ्यापासून भावाला घेऊन यायला लागला. हनीफभाऊ दसऱ्यालाच जाऊ लागले, होळी झाली तरी परत येईनात. एका वर्षी आले ते पावसाळ्यात, पंधरवडा राहिले आणि भाभीला म्हणाले की आता ये-जा पुरे, घर विकून टाकू.

सामान न्यायच्या दिवशी दारात मॅटाडोर आली ती पुंडलिकभाऊंची. कोणी बोलावली नव्हती. ते स्वतः चालवत आले, पैसे घेणार नाही म्हणाले, बाह्या सरसावल्या आणि पलंग, पेट्या, मशीन, भांड्यांचं पोतं एकेक करून रचायला लागले. इतकं नेटकं रचलं की बशीला बशी लागली नसती. भाभी केबिनमध्ये बसायला नको म्हणाली. मागे सामानावर चढली आणि आमच्याकडे तोंड, त्यांच्याकडे पाठ करून बसली.

हनीफभाऊ दोरी बांधणं पाहत उभे होते. पुंडलिकभाऊंनी शेवटची गाठ आवळायला दोरीला हिसका दिला, तेव्हा ते अगदी हलक्या आवाजात बोलले. टाचणी तोंडात नव्हती तरी कोपऱ्यातूनच.

"पुंडलिक, एक सांग. खळ लावाले तुले कोणी सांगतलं होतं?"

पुंडलिकभाऊंनी गाठ आवळली. दोरी दोनदा ओढून पाहिली.

"कोणी नाई," ते म्हणाले. "सांगा लागते काय?"

मग ते केबिनमध्ये चढले आणि दुसऱ्या बाजूचं दार आतून उघडलं. पायरी उंच होती. हनीफभाऊंनी एक पाय ठेवला, पण वर जायला श्वास पुरेना, ते तिथेच दांडा धरून थांबले. आतून पुंडलिकभाऊंनी हात पुढे केला. खालून ढकलायला आम्ही चौघं होतो, वरून ओढणारा हात मात्र तो एकच होता.

हनीफभाऊंनी त्या हाताकडे पाहिलं, आणि धरला.